तीन दवाखाने, दोन राज्ये आणि एकच रुग्ण : सीमाभागात उपचारांच्या नोंदी एकत्र कशा आणाव्यात?

वेदगंगाकाठ (प्रश्नकर्ता), निपाणी तालुका

सर्वांना नमस्कार.

मी कर्नाटकातील निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या एका गावात राहतो आणि माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने यंदा आरोग्याचे एखादे काम हाती घ्यायचे ठरवले आहे. ते काम कोणते असावे, याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. त्याआधी गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी काय घडले ते सांगतो, कारण हा विषय त्यातूनच निघाला.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यांच्यावर कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात उपचार सुरू झाले, कारण निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे आणि बेळगाव ७५ किलोमीटरवर. तेथील डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. पेरणीच्या गडबडीत आप्पांची गोळी सात-आठ दिवस चुकली. त्याच सुमारास गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचा दिवस होता. तेथे रक्तदाब १६०/९६ भरला, म्हणून डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. "आधी काही चालू आहे का?" असे त्यांनी विचारले होते. आप्पांनी "कोल्हापूरची एक गोळी आहे" एवढेच सांगितले, कारण तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते आणि कागद घरी होते. घरी आल्यावर त्यांनी दोन्ही गोळ्या नेमाने घ्यायला सुरुवात केली.

तीन आठवड्यांत त्यांचे पाय सुजले. चपलेचा पट्टा संध्याकाळी पायात रुतून बसायचा आणि घोट्याजवळ बोट दाबले की खळगा बराच वेळ तसाच राहायचा. मूत्रपिंडाचे काही असेल या भीतीने मी त्यांना बेळगावला नेले. तेथे रक्त, लघवी, सोनोग्राफी आणि हृदयाची इको अशा सर्व तपासण्या झाल्या. सर्व निष्कर्ष चांगले आले आणि सूज उतरण्यासाठी लघवी वाढवणारी तिसरी गोळी मिळाली. सूज फारशी उतरली नाही. उलट एका रात्री लघवीला उठताना आप्पांना चक्कर आली आणि ते उंबऱ्यावर पडले. सुदैवाने खरचटण्यावर भागले.

उलगडा झाला तो निपाणीतील औषध दुकानदारामुळे. मी तिन्ही चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या, तेव्हा त्याने कोल्हापूरच्या गोळ्यांचे पाकीट उलटे केले आणि मागच्या चंदेरी पत्र्यावरील बारीक अक्षरे मला वाचायला लावली : टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५. त्यानंतर सरकारी दवाखान्यातील पाकीट दाखवले. त्यावर अॅम्लोडिपिन ५ असे लिहिले होते. एकच औषध दोन नावांनी पोटात जात होते. तिन्ही डॉक्टरांपैकी कोणी चुकीचे औषध दिले असे मला वाटत नाही, मात्र तिघांनाही उरलेल्या दोघांनी काय दिले ते दिसत नव्हते.

आता प्रश्नाकडे येतो. आमच्या गावचा पुण्यात नोकरी करणारा एक तरुण गावासाठी मोबाइल अॅप बनवून द्यायला तयार आहे. प्रत्येक घरातील माणसांचे आजार, तपासण्या आणि औषधे त्यात भरायची आणि कोणत्याही दवाखान्यात मोबाइल पुढे करायचा, अशी त्याची कल्पना आहे. वाचनालयाजवळ थोडी देणगीही जमली आहे. हे करावे का? सरकारच्या 'आभा' या आरोग्य-नोंदींच्या ओळख क्रमांकाने हेच काम होत असेल, तर तो दोन्ही राज्यांत चालतो का? आणि आमची सरकारी कागदपत्रे कन्नडमध्ये, खासगी चिठ्ठ्या इंग्रजीत आणि घरातील बोलणे मराठीत, ही भाषेची अडचण आपल्या भागात कोणी सोडवली आहे का?

---

टिळकवाडी_फिजिशियन, बेळगाव

गुरुजी, नमस्कार. आपण घटना इतक्या नेटकेपणाने मांडली आहे की प्रथम तिच्याविषयीच लिहितो.

अॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध आहे. भारतात २०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम चालू आहे, त्यातील उपचारपद्धतीतही ते आहे, म्हणून सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी ते दिले यात वावगे काही नाही. परंतु ५ मिलिग्रॅमचे १० मिलिग्रॅम झाले की पायांवर सूज येण्याचे प्रमाण वाढते. हे औषध बारीक रोहिण्या सैल करते, मात्र शिरा तितक्या सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यापाशी साठते. शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे आलेली ही सूज नसते. म्हणूनच लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती नीट उतरत नाही. रक्तदाब मात्र आणखी खाली येतो आणि उठताना चक्कर येते. एका औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, अशी ही साखळी आहे, आणि वयस्कर रुग्णांत ती मी वारंवार पाहतो. वाचणाऱ्या इतरांना विनंती आहे की हे वाचून कोणीही स्वतःहून गोळी बंद करू नये. सर्व पाकिटे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.

आता सीमाभागाविषयी. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला जातो, आणि चंदगडचा रुग्ण उलट आमच्याकडे बेळगावला येतो. भालकी-औरादकडील लोक उदगीर-लातूरला जातात. मिरजेचे मिशन इस्पितळ १८९४ पासूनचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा त्या वाटेला साठ वर्षे होऊन गेली होती. लोक अंतर, ओळख आणि भाषा पाहून दवाखाना निवडतात. ही ये-जा थांबणार नाही आणि थांबवूही नये. कागदाने मात्र रुग्णाच्या मागोमाग जायला हवे.

यात आम्हा डॉक्टरांचा दोष मोठा आहे आणि मी स्वतःला त्यातून वगळत नाही. चंदगडच्या रुग्णाला घरी सोडताना मी कित्येक वर्षे केवळ व्यापारी नावे लिहिलेला कागद देत होतो. त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना मी काय केले हे कळवावे, असे मला कधी सुचले नाही. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच केला आहे. आता मी प्रत्येक व्यापारी नावाखाली मूळ नाव लिहितो आणि कागदाच्या तळाशी "गावच्या डॉक्टरांसाठी" अशा मथळ्याखाली चार ओळी लिहितो : काय आढळले, काय सुरू केले, काय बंद केले आणि पुढची तपासणी केव्हा करायची. यातील "काय बंद केले" ही ओळ सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच कोणी लिहीत नाही.

अॅपविषयी तंत्रज्ञ मंडळी सांगतील. माझे मत एवढेच की प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने दवाखान्यात जाताना घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. मी रुग्णाला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो. त्यात शेजाऱ्याने दिलेल्या गुडघ्याच्या गोळ्याही निघतात, आणि त्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. कोणत्याही नोंदवहीत ती गोळी सापडली नसती.

---

खानापूरचा_संगणकवाला, सध्या बेंगळुरू

मी मूळचा खानापूर तालुक्यातील आहे आणि गेली नऊ वर्षे रुग्णालयांच्या संगणक प्रणालींवर काम करतो. गुरुजींच्या तिन्ही प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंविषयी लिहितो.

'आभा' हा १४ अंकी क्रमांक आहे आणि तो कोणत्याही एका राज्याचा नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्याअंतर्गत काढलेला क्रमांक निपाणीत चालतो तसाच कोल्हापुरातही चालतो. आपल्या भागात तीन कार्डांची फार गल्लत होते, म्हणून स्पष्ट लिहितो. 'आभा' ही केवळ नोंदींची ओळख आहे, तिच्यावर उपचाराचा पैसा मिळत नाही. उपचाराचा खर्च कर्नाटकात 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेतून मिळतो आणि त्यासाठी रेशन कार्ड लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. पैशाच्या योजना राज्यांच्या आहेत, म्हणून त्या सीमेवर अडतात. नोंदींची व्यवस्था देशाची आहे आणि ती अडण्याचे कारण नाही. म्हणून वाचनालयाने आपली ताकद नोंदींवर लावावी, असे मला मनापासून वाटते.

आता ती व्यवस्था कशी चालते ते पाहू. पुष्कळांचा समज असा आहे की सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीतील एखाद्या मोठ्या संगणकात जमा होतात. तसे नाही. नोंद ज्या दवाखान्यात तयार झाली त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर रुग्णाच्या मोबाइलवर विनंती येते. कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातील आणि किती दिवसांसाठी दाखवायच्या हे रुग्ण ठरवतो, आणि दिलेली संमती त्याला परतही घेता येते. ही रचना चांगली आहे. अडचण अशी की दोन्हीकडच्या दवाखान्यांचे सॉफ्टवेअर या जाळ्याला जोडलेले असावे लागते. मोठी रुग्णालये जोडली जात आहेत. छोट्या दवाखान्यांत मात्र अजून चिठ्ठी हाताने लिहिली जाते. पुष्कळ ठिकाणी 'आभा'चा उपयोग क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरचा टोकन घेण्यापुरताच होतो. त्यामुळे रांग वाचते, पण जुने रिपोर्ट डॉक्टरांपुढे आपोआप येत नाहीत. आप्पांचा क्रमांक काढायचा असल्यास त्यांच्या आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का हे आधी पाहावे, कारण ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि माणसे केंद्रावरून हात हलवत परततात.

याहून खोलवरची एक गोष्ट आहे आणि आप्पांच्या प्रसंगात ती अगदी समोर आली आहे. समजा तिन्ही दवाखाने जोडलेले असते, तरी एका प्रणालीत गोळीचे व्यापारी नाव आणि दुसऱ्या प्रणालीत 'अॅम्लो ५' असे नुसते टंकलेले असते, तर संगणकाला ती एकच वस्तू आहे हे कळले नसते. नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी 'एफएचआयआर' नावाचा साचा ठरलेला आहे, आणि आजार, तपासण्या व औषधे यांना सांकेतिक क्रमांक देणारी 'स्नोमेड सीटी' ही परिभाषा भारतात विनामूल्य वापरता येते. औषधाची नोंद अशा सांकेतिक क्रमांकाने झाली तरच "हे औषध आधीच चालू आहे" असा इशारा पडद्यावर येऊ शकतो. मी ज्या रुग्णालयांत काम केले, तेथे डॉक्टरांना घाई असते आणि ते यादीतून औषध निवडण्याऐवजी हाताने टंकतात. आमच्या क्षेत्रातील निम्मे कष्ट हे टंकलेखन कमी करण्यात जातात. एक सोय मात्र सर्वांच्या हाताशी आहे : १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे आणि तो मोबाइलने वाचला की औषधाचे मूळ नाव दिसते.

गावाचे स्वतंत्र अॅप मात्र करू नये. आपला पुण्याचा तरुण कितीही हुशार असला तरी तो नोकरी बदलेल, लग्न होईल, वेळ मिळणार नाही, आणि दोन वर्षांत अॅप बंद पडून नोंदी अडकतील. मला सर्वांत मोठी काळजी गुप्ततेची वाटते. चारशे घरांचे आजार एका ठिकाणी जमा झाले की कोणाला क्षयरोग आहे, कोणाला मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या मुलीची कोणती तपासणी झाली हे गावात फुटायला एक मोबाइल पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. नोंद ज्याची त्याच्याजवळ असावी आणि वाचनालयाने ती तयार करायला मदत करावी, साठवू नये.

---

मलप्रभा_सिस्टर, खानापूर तालुका (निवृत्त)

मी ३१ वर्षे उपकेंद्रावर नर्स होते. वरच्या दोन्ही भावांनी लिहिलेले पटले. संगणकातले मला फारसे कळत नाही, मी बाळंतिणींविषयी लिहिते, कारण सीमेचा खरा काच त्यांना बसतो.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. खानापूरची सून चंदगडला जाते, बेळगावची सून गडहिंग्लजला जाते. नऊ महिन्यांपैकी सात महिने तिची नोंद आमच्या तायी कार्डावर (गरोदर मातेच्या नोंदींचे कार्ड), कन्नडमध्ये, आणि बाळंतपण पलीकडे. पलीकडच्या सिस्टरना कन्नड वाचता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आमच्याकडची एक सून आठव्या महिन्यात माहेरी गेली आणि तायी कार्ड सासरी कपाटातच राहिले. तिचा रक्तगट निगेटिव्ह होता आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा बाईला पॉझिटिव्ह रक्तगटाचे मूल झाले तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते, नाही तर पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका होतो. पहिले मूल ठणठणीत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. मला रात्री तिची आठवण झाली. सकाळी आशाताईंकडून माहेरचा नंबर मिळवला, तेथील सिस्टरना फोन लावला आणि आरसीएच क्रमांक (गरोदर मातेचा सरकारी नोंदणी क्रमांक), रक्तगट व शेवटचे हिमोग्लोबिन सांगितले. त्यांनी ते सगळे वहीच्या पानावर उतरून घेतले आणि मुलीच्या उशाशी पिनेने लावले. इंजेक्शन वेळेत मिळाले.

त्यानंतर मी माहेरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीला एका कागदावर मराठीत पाच ओळी लिहून देऊ लागले. आकडे सर्वांना वाचता येतात, शब्द कोणत्या भाषेत लिहायचे एवढाच प्रश्न असतो. बाळाच्या लसींची नोंद आता यू-विन या सरकारी पोर्टलवर होते आणि ती कोणत्याही राज्यात दिसते, हे फार चांगले झाले आहे. पूर्वी माहेरी दिलेली बीसीजी कार्डावर नसली की बाळाच्या दंडावरचा व्रण पाहून आम्ही ठरवत होतो.

मोबाइलवरून डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची ई-संजीवनीची सोयही मी वापरली आहे. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी असल्या की त्या आजीबाईंचे मराठी ऐकतात, डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगतात आणि उत्तर पुन्हा मराठीत आजींना समजावतात. ते मधले माणूस नसेल तर पडद्याचा काही उपयोग नाही. आणि भीमगडच्या जंगलातील आमगाव, कृष्णापूर, देगाव अशा गावांविषयी बोलताना कृपा करून आधी रस्ता आणि नेटवर्क यांविषयी बोलावे. तेथे पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून आणतात.

---

कृष्णाथडी, अथणी तालुका

मी क्षयरोग कार्यक्रमात क्षेत्रीय काम केले आहे. दोन राज्यांतील आरोग्य यंत्रणा जोडता येतात का, असा प्रश्न कोणी विचारला तर मी क्षयरुग्णांच्या नोंदींच्या सरकारी निक्षय पोर्टलचे उदाहरण देतो.

आमच्या भागात गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्यातील एखाद्याचा उपचार बीडला सुरू झालेला असतो, तो सहा महिने चालायचा असतो आणि मधले चार महिने माणूस आमच्याकडे फडात असतो. पूर्वी असे रुग्ण हमखास सुटत. आता रुग्णाचा निक्षय क्रमांक देशभर एकच राहतो. तिकडचा कर्मचारी त्याला पोर्टलवरून आमच्याकडे वर्ग करतो, आमच्या यादीत तो दिसतो आणि आम्ही टोळीच्या मुकादमाला गाठून औषध पोहोचवतो. पोषणासाठी मिळणारी रक्कम, जी नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, तीही थेट बँक खात्यात येत असल्यामुळे राज्य बदलल्याने अडत नाही.

हे चालते याचे कारण केवळ पोर्टल आहे असे मी मानत नाही. रुग्ण वर्ग झाला की तो कोणाच्या नावावर आहे हे ठरलेले असते आणि तो सुटला तर त्या माणसाला विचारणा होते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णाचे तसे नाही. तो निपाणीहून कोल्हापूरला गेला की तो कोणाचाच राहत नाही. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सीमेवरच्या आरोग्य केंद्रांच्या जोड्या लावून एकमेकांचे फोन नंबर भिंतीवर लावले, तरी पुष्कळ काम होईल. सिस्टरनी स्वतःच्या फोनवरून जे केले तेच जर कामाचा भाग म्हणून लिहून दिले गेले, तर ते एका चांगल्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही.

---

टिळकवाडी_फिजिशियन, बेळगाव

कृष्णाथडी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावाची 'हृदय ज्योती' योजना आहे. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो लगेच तज्ज्ञांकडे पाठवायचा आणि त्यांनी सांगितल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यायचे, अशी ती रचना आहे. येथे ईसीजीचा कागद रुग्णाच्या आधी तज्ज्ञांपर्यंत पोहोचतो. छातीत दुखू लागल्यावर थेट कोल्हापूर किंवा बेळगावची गाडी ठरवण्याऐवजी, आपल्या तालुका रुग्णालयात ही सोय आहे का याची चौकशी गुरुजींनी आजच करून ठेवावी आणि ती गावाच्या फलकावर लिहावी.

---

वेदगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान कार्यकारिणीची बैठक झाली, तिचा वृत्तांत देतो.

अॅप करायचे नाही असे ठरले. पुण्याच्या तरुणाला मी खानापूरच्या बंधूंचे उत्तर वाचून दाखवले. त्याने ते मोकळेपणाने मान्य केले आणि ज्यांना हवे असेल त्यांचे 'आभा' क्रमांक काढून देण्यासाठी तो दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस देणार आहे. ज्यांच्या आधारला जुना नंबर आहे अशांची यादी त्याआधी करून त्यांना आधार केंद्रावर नेण्याचे काम आमच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी घेतले आहे.

दुसरे काम कागदाचे आहे. एकाच पानावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मथळे छापायचे आणि औषधांची मूळ नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची. कन्नड मजकूर आमच्या शाळेतील कन्नडच्या मॅडम तपासून देणार आहेत. औषध, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचे, कोणी सुरू केले आणि बंद केले असल्यास केव्हा, एवढेच रकाने ठेवले आहेत. आजाराचे नाव लिहिण्याचा रकाना आधी होता, पण गुप्ततेविषयीचे विवेचन वाचून तो काढला. पान रुग्णाजवळच राहील, वाचनालय प्रत ठेवणार नाही. निपाणीच्या त्याच औषध दुकानदाराने रविवारी सकाळी दोन तास वाचनालयात बसून लोकांच्या पिशव्या पाहण्याचे कबूल केले आहे. तो औषध बदलणार नाही. मूळ नावे लिहून देईल आणि एकच औषध दोनदा दिसले तर तेथे पेन्सिलीने खूण करून डॉक्टरांकडे जायला सांगेल.

पहिल्या रविवारी अकरा जण आले. आप्पाही आपली पिशवी घेऊन बसले होते. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांची एकच गोळी चालू आहे आणि पायांची सूज उतरली आहे.

एक अडचण उरली आहे. अकरांपैकी तिघांनी पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो कागद घरीच विसरला. तायी कार्ड कपाटात राहिल्याचे सिस्टरनी लिहिले होते, तसेच हे झाले. यावर काही उपाय आहे का?

---

मलप्रभा_सिस्टर, खानापूर तालुका (निवृत्त)

गुरुजी, कागद थोडा जाड घ्या आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात बसेल एवढ्या घडीचा करा. सरकारी योजनेसाठी दवाखान्यात रेशन कार्ड मागतातच, म्हणून दवाखान्याला निघालेला माणूस ते कधी विसरत नाही. औषधांची बाजू बाहेर येईल अशी घडी घाला, म्हणजे खिडकीवर कार्ड पुढे केले की पान आपोआप दिसेल. गरोदर मुलींसाठी त्याच पानाच्या मागे रक्तगट आणि आरसीएच क्रमांक यांना जागा ठेवा, आणि रक्तगट लाल शाईने लिहा.